माझ्याच बांधावर फास, पाय अडकला माझ्या कुत्रीचा, आणि आता सशाच्या व्हिडिओवरून मलाच धमकी. काय करू?

शनिवारचा शेतकरी, बोरिवली

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, अर्धं सांगितलं तर उत्तरही अर्धंच मिळेल.

मी बोरिवली पूर्वेला राहतो. खर्डीच्या पुढे आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे, सातबारा माझ्या आणि भावाच्या नावावर. तानसा अभयारण्याची हद्द तिथून फार लांब नाही. दर शनिवारी पहाटे गाडी काढतो, सोबत आमची दोन कुत्री असतात, काळू गावठी आणि बिजली कारवानी जातीची. बिजली तीन वर्षांची, सडपातळ, लांब पायांची, बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर कशीबशी काढते आणि आसनगाव मागे पडलं की गाडीतच कुईकुई सुरू करते. तिथे पोचलं की पट्टा काढायचा आणि मोकळं सोडायचं, हे तीन वर्षं चाललंय. आपलीच जमीन आहे, कोणाला काय त्रास, असं मला वाटायचं.

तीन आठवड्यांपूर्वी बांधाजवळच्या करवंदीत ती घुसली आणि असं किंचाळली की अजून कानातून जात नाही. पुढचा डावा पाय बाईकच्या क्लच वायरच्या फासात अडकलेला, वायर ऐनाच्या बुंध्याला बांधलेली, आणि ती जेवढी ओढत होती तेवढा फास आवळत होता. मी तिला अंगाखाली दाबून धरलं, राखणदाराने पक्कड आणली, वायर तुटायला वीसेक मिनिटं गेली. तसंच गाडीत घालून परळला बैलघोडा हॉस्पिटलला आणलं. पाय राहील का ते डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं नाही, आत्ता ड्रेसिंग चालू आहे.

फास माझ्या हद्दीच्या आत पाच-सहा पावलं होता. कोणी लावला ते मला माहितीये, शेजारच्या शेतकऱ्याने, डुकरांसाठी. त्याला विचारलं तर तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, तक्रार करायची तर कर, दिवाळीत तुझ्या कुत्रीने ससा मारला तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर आहे, आधी तू आत जाशील.

व्हिडिओ खरा आहे. मीच काढला, मीच गावच्या ग्रुपवर टाकला. आमच्याच शेतातून ससा उठला, बिजली मागे लागली आणि शंभरेक पावलांत तिने त्याला धरलं. आणि त्यात माझा आवाज आहे, छू बिजली, पकड पकड. तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. ससा मेला, आम्ही खाल्ला वगैरे नाही, राखणदाराने ओढ्यात टाकला.

आता तीन गोष्टी कळत नाहीयेत. स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या कुत्र्याने ससा मारला तर ती कायद्याने शिकार होते का? मी फासाची तक्रार केली तर उलट माझ्यावरच केस होईल का? आणि तो व्हिडिओ डिलीट करू का? बिजलीचा पाय बघितला की डोकं फिरतं पण घरी दोन लहान मुलं आहेत, पोलीस-फॉरेस्टची भीती वाटते हे खरं आहे.

काऊ_मुलुंड

आधी बिजलीचं बोलते. वायरची जखम वरून बारीक दिसते पण आत रक्तपुरवठा तुटलेला असतो, म्हणून चार-पाच दिवसांनी कातडी काळी पडून सुटायला लागते. आमच्या बिल्डिंगखालच्या एका कुत्र्याच्या मानेत असाच फास होता, पहिल्या दिवशी सगळे म्हणाले थोडं खरचटलंय आणि आठवड्याने तिथे बोट जाईल एवढी खाच पडली. ड्रेसिंगची एकही तारीख चुकवू नका, पंजा गार लागला किंवा घाण वास आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ घेऊन जा. तोडलेली वायर टाकली नाहीत ना? जपून ठेवा. आणि हॉस्पिटलचे सगळे कागद.

नाना_कर्जत

एवढं घाबरायला काय झालं. जमीन तुमची, कुत्री तुमची, ती जनावर आहे, ससा दिसल्यावर धावणारच. कायदा माणसांना असतो, कुत्र्याला कोण पकडणार. व्हिडिओ डिलीट करा, तो काय करणार आहे. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, लायसनवाली, आम्ही डुक्कर आलं तर वाजवतो, आजवर कोणी विचारायला आलं नाही. तुम्हीही त्याच्या जमिनीत दोन फास लावा म्हणजे कळेल त्याला.

काळा कोट, ठाणे

नाना, रागावू नका, पण तुमच्या पोस्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ माणसाला कोर्टात नेणारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकिली करते, वनखात्याच्या केसेस दोन्ही बाजूंनी केल्यात.

पहिलं, जमीन तुमची आहे म्हणून त्यातला ससा तुमचा होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ९ सरळ सांगतं की अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, प्राण्याची शिकार कोणीही करायची नाही. त्यात सरकारी जंगल, अभयारण्य, खाजगी शेत असा फरक केलेला नाही. लोकांच्या डोक्यात असतं की जंगलात बंदी, शेतात चालतं. नाही चालत. जागेचा फरक पडतो तो शिक्षेत: तेच काम अभयारण्याच्या किंवा नॅशनल पार्कच्या हद्दीत केलं तर किमान तीन वर्षं, सातपर्यंत. तुमची जमीन हद्दीला लागून असेल तर कुत्री पन्नास पावलं पलीकडे गेली की सगळं गणित बदलतं, हे लक्षात असू द्या.

दुसरं, शिकार म्हणजे काय. लोकांना वाटतं बंदूक मारली तर शिकार. कायद्यातली व्याख्या कलम २ मध्ये आहे आणि ती खूप रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकारा करून पळवणं, आमिष ठेवणं, आणि हे करायचा नुसता प्रयत्नसुद्धा. त्याच यादीत कोर्सिंग असा शब्द आहे, म्हणजे कुत्री मागे सोडून जनावराला पळवून धरणं. तुमच्या बिजलीची जात पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी जोपासली गेली नेमकं तेच काम. त्यामुळे कायदा कुत्र्याला नसतो हे बरोबर, पण कुत्र्याकरवी केलेलं काम माणसाचं धरलं जातं.

आता तुमच्या बाबतीत. कुत्री आपणहून सुटली, मालक मागून ओरडतोय बिजली ये इकडे, आणि तरी ससा मेला, तर माणसाने शिकार केली असं म्हणायला फारसं काही उरत नाही. पण तुमच्या व्हिडिओत तुम्ही छू म्हणताय. तुम्ही तिला मागे घातलंय. तुमच्या केसमधली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे, मी उगीच धीर देणार नाही. ससा आधी अनुसूची चारमध्ये होता, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, प्राण्यांच्या दोनच मुख्य याद्या राहिल्या आणि तो दुसऱ्या यादीत आहे. त्या यादीसाठी शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या यादीतलं जनावर असतं, म्हणजे घोरपड, मोर, बिबट्या, तर किमान तीन वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. शेतातली कुत्री घोरपडीला सर्रास धरतात आणि लोकांना वाटतं पाल मोठी होती.

तिसरं, मेलेला ससा ओढ्यात टाकायचा नव्हता. असा मेलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतो आणि तो ज्याच्या ताब्यात येतो त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. हे कोणालाही माहीत नसतं, पण म्हणून माफी नसते.

चौथं, व्हिडिओ डिलीट करू नका. ग्रुपवर गेलेला व्हिडिओ पन्नास मोबाईलवर आहे, तुमच्या फोनमधून पुसून काय होणार, उलट पुरावा नष्ट केला हा आणखी एक आरोप अंगावर यायचा.

आता फास. फास लावणं हेच त्या व्याख्येप्रमाणे शिकार आहे, जनावर अडकलं नाही तरी. त्याने तो तुमच्या जमिनीत येऊन लावला ही आणखी वेगळी गोष्ट. बिजलीच्या इजेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, जनावराला मारणं किंवा पंगू करणं, पाच वर्षांपर्यंत, मात्र त्यात हेतू किंवा निदान नुकसान होईल याची जाणीव दाखवावी लागते, म्हणून ती तक्रार पोलिसांत वेगळी करा, वनखात्याच्या तक्रारीत मिसळू नका. तुमचं सशाचं प्रकरण आहे म्हणून त्याचा फास कायदेशीर होत नाही. दोन गोष्टी वेगळ्या. तुम्ही वनक्षेत्रपालांकडे जा, दोन्ही गोष्टी स्वतःहून लेखी द्या, आधी वकील गाठा आणि मगच जबाब द्या. स्वतःहून सांगितलेली गोष्ट आणि दुसऱ्याने धमकी म्हणून काढलेला व्हिडिओ यात अधिकाऱ्याच्या टेबलावर खूप फरक असतो. अनुसूची दोनच्या प्रकरणांत कलम ५४ खाली तडजोडीची, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवायची तरतूद आहे, ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात.

नाना, शेवटचं तुमच्यासाठी. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं लायसन शस्त्र कायद्याखाली मिळतं. ते बंदूक बाळगायचं लायसन आहे, शिकारीचं नाही. रानडुकरासाठी कलम ११ खाली लेखी आदेश लागतो, त्यात कुठला प्राणी आणि कुठली जागा ते लिहिलेलं असतं. आजवर कोणी विचारलं नाही हा बचाव नाही होत. आणि सूड म्हणून फास लावायचं तर कृपा करून कोणाला सुचवूही नका, त्या फासात उद्या शेजाऱ्याचं पोर जाईल.

नाना_कर्जत

बंदुकीचं हे खरंच माहीत नव्हतं. आदेशासाठी अर्ज कुठे करायचा?

काळा कोट, ठाणे

तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात. नुकसानीचे फोटो आणि सातबारा सोबत न्या, आदेश हातात येईपर्यंत बंदूक कपाटात.

मुरबाडचा_माणूस

मी शेतकरी आहे, मला त्या शेजाऱ्याच्या बाजूने थोडं बोलायचंय, फास लावला ते चूकच, पण ऐका.

रानडुक्कर एका रात्रीत काय करतं ते शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाला दिसत नाही. कळप शिरला की सकाळी वावर नांगर फिरवल्यासारखं उलटंपालटं. भात गेलं, वाल गेला, कंदमुळं तर राहतच नाहीत. माणूस रात्रभर माळ्यावर डबा वाजवत बसतो आणि पहाटे डोळा लागला की ते येतात. नुकसानभरपाईला अर्ज असतो, पंचनामा असतो, पण पंचनामा होईपर्यंत उरलंसुरलं पण गेलेलं असतं. परवानगीचा रस्ता आहे हे वकीलताईंनी सांगितलं, खरं आहे, पण परवानगी मिळाली तरी मारणार कोण, प्रत्येकाकडे बंदूक थोडीच असते. म्हणून मग लोक क्लच वायर घेतात, पन्नास रुपयांत होतं काम. काही जण गावठी बॉम्ब ठेवतात पिठाच्या गोळ्यात, तो तर फासापेक्षा वाईट, कुत्र्याने तोंडात धरला तर जबडाच राहत नाही. काही जण मेन लाईनची वायर कुंपणाला जोडतात. माझा स्वतःचा बैल तसल्या कुंपणाला चिकटून गेला, चार वर्षं झाली, अजून त्या बांधावरून जाताना माझा पाय अडखळतो. तेव्हापासून मी झटका मशीन लावलं, सोलरवर चालतं, ठोका ठोका देऊन करंट जातो, जनावर दचकून मागे फिरतं पण मरत नाही. खर्च आहे पण दोन शेजारी मिळून घेतलं तर परवडतं. शेजाऱ्याशी भांडणात जेवढे पैसे वकिलाला जातील तेवढ्यात दोघांच्या बांधाला मशीन होईल, हा विचार करून बघा.

आणि दादा, राग येऊ देऊ नका, तुमची कुत्री मोकळी फिरतात म्हणालात. तुमची तीन एकर कुत्र्याच्या पायाला किती, दोन मिनिटं. नंतर ती आमच्या वालात, आमच्या कोंबड्यांत. शहरातली माणसं येतात, गेट उघडतात, कुत्री सोडतात आणि खुर्ची टाकून चहा पितात. त्या कुत्र्यांच्या मागे ओरडत आम्ही धावतो. तुमच्या शेजाऱ्याच्या मनात आधीपासून काही साठलेलं असेल, ते पण विचारा त्याला.

शनिवारचा शेतकरी, बोरिवली

मुरबाडकर, राग नाही आला. खरंय. मागच्या पावसाळ्यात काळूने त्याची कोंबडी मारली होती, मी पैसे दिले आणि विषय संपला असं समजलो, पण त्यानंतर त्याने आमच्याकडे भाजी पाठवणं बंद केलं, हे आत्ता तुमचं वाचताना लक्षात आलं.

वकीलताई, तुमचं उत्तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. सशाचं वाचून पोटात गोळा आला. मला खरंच वाटत होतं की शिकार म्हणजे बंदूक.

येऊरची वाट

थोडं वेगळं पण जवळचंच. आम्ही येऊरला राहतो, एका बाजूला नॅशनल पार्क. इथे बिबट्या येतो हे गृहीतच धरायचं, पार्कच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे हे अभ्यासकांनी विष्ठा तपासून दाखवलंय. तीन वर्षांपूर्वी आमचा शेरू गेला, रात्री व्हरांड्यात बांधलेला होता, साखळी तेवढी राहिली. तेव्हा मी पण हाच प्रश्न विचारत होतो की माझ्या कंपाउंडमध्ये येऊन माझ्या कुत्र्याला नेतो तर मी काहीच करायचं नाही का. पिंजरा लावू का, फटाके मारू का.

मला तेव्हा फॉरेस्टच्या एका जुन्या वनपालांनी समजावलं ते इथे लिहितो. कायद्यात बचावाची सवलत आहे, कलम ११ मध्येच, पण ती माणसाच्या बचावासाठी, स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जिवासाठी. कुत्र्यासाठी नाही. आणि त्या वेळी आपणच कायदा मोडत असू तर माणसासाठीची सवलत पण जाते. स्वतः पिंजरा लावणं म्हणजे शिकारच. बिबट्या घुटमळत असेल तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६ ला फोन करायचा, बाकी आपण घराची सोय बदलायची. मी बदलली. कुत्र्यांना रात्री लोखंडी जाळीच्या खोलीत, वरूनपण जाळी पाहिजे, बिबट्या वरूनच येतो. कचरा आणि उष्टं बाहेर ठेवायचं बंद, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे तो. मेंढपाळ धनगर त्यांच्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालतात मानेला, तो पण घेतला, बिबट्या मान धरतो म्हणून.

तुमची जमीन तानशाजवळ आहे तर तिथे बिबट्या नाही असं समजू नका. बिजली आता लंगडी आहे, पळणार नाही, तिला रात्री बाहेर अजिबात ठेवू नका.

अजून एक, लसी. फक्त रेबीजची नाही, डिस्टेंपरची पण. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हाच रोग कुत्र्यांत असतो. आपलं कुत्रं जंगलाच्या कडेला जातं, पाणवठ्यावर तोंड घालतं, म्हणजे आपण फक्त आपल्या कुत्र्याचा विचार करून भागत नाही.

लीड्स_रिटर्न, दादर

नऊ वर्षं इंग्लंडला होतो म्हणून तिकडचं सांगतो, तुलना म्हणून. तिकडे २००४ चा हंटिंग ॲक्ट आहे, फेब्रुवारी २००५ पासून लागू, कुत्री लावून रानटी सस्तन प्राण्याची शिकार करायला बंदी. मला त्यातली एक गोष्ट फार पटली होती. नुसता शिकार करणारा नाही, तर ज्याने माहीत असून आपली जमीन वापरू दिली तो जमीनमालक पण गुन्हेगार, आणि ज्याने आपला कुत्रा वापरू दिला तो पण. म्हणजे जमीन माझी म्हणून सुटका नाही, उलट जमीन माझी म्हणून जबाबदारी. उंदीर आणि तिकडचे छोटे ससे यांना सूट आहे पण तीसुद्धा स्वतःच्या जमिनीत किंवा मालकाच्या परवानगीने. आणि कुत्र्याने मेंढ्यांना त्रास दिला तर त्यासाठी १९५३ पासून वेगळा कायदा आहे. त्यामुळे तिकडे मेंढ्या दिसल्या की लोक आपसूक पट्टा लावतात, कोणी सांगायला लागत नाही. मी लॅब्राडोर पाळला होता तिकडे, पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी सांगितलं होतं की रिकॉल शिकव, नाहीतर लांब दोरी.

रिकॉल म्हणजे हाक मारली की धावता धावता परत येणं. कारवानीला शिकवणं कठीण, ती नजरेने शिकार करणारी जात, समोर काही पळालं की कान बंद. पण दहा-पंधरा मीटरची दोरी कोणालाही जमते.

धनगरवाडा

कारवानी म्हणून कोणी दोष देऊ नये तिला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत ही कुत्री. आज्याच्या काळात ससा धरून आणायची, तेव्हा ते चालायचं, आज चालत नाही, आम्ही पण सोडलं. आता ती मेंढरं राखतात, लांडगा लांबूनच हेरतात. कुत्र्याला तुम्ही काय शाबासकी देता ते ते शिकतं. ससा धरल्यावर शाबास म्हणालात तर पुढच्या वेळी दुप्पट धावेल. आमच्यात पोरांना सांगतात की कुत्रं सशामागे लागलं तर ओरडायचं नाही, हसायचं नाही, पाठ फिरवून उलट दिशेला चालायला लागायचं. मालक चालला बघून ते वळतं. पहिले काही दिवस नाही वळत. नंतर वळतं.

शनिवारचा शेतकरी, बोरिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. तेरा दिवसांनी लिहितोय, काय झालं ते सांगतो.

ठाण्यातल्या एका वकिलांना भेटलो, मग त्यांच्याबरोबर वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. दोन अर्ज दिले, एक फासाचा, वायर आणि हॉस्पिटलचे कागद जोडून, आणि दुसरा सशाचा, व्हिडिओ पेन ड्राईव्हवर. दुसरा अर्ज देताना हात थरथरत होता हे कबूल करतो. अधिकाऱ्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. दुसऱ्यांदा छू ऐकू आलं तेव्हा मी खाली बघितलं. ते काही बोलले नाहीत, जबाब लिहून घेतला, सही घेतली. तो विषय चालू आहे, जे व्हायचं ते होईल, पण आता तो व्हिडिओ कोणाच्या खिशात आहे म्हणून रात्री जाग येत नाही.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आणि वनपाल जागेवर आले, पंचनामा झाला. करवंदीपासून ओढ्यापर्यंत आणखी पाच फास निघाले. पाच. त्यातले दोन माझ्या हद्दीत, एक अगदी मुलं जिथे आवळे वेचतात त्या पायवाटेला. तो मी स्वतः बघितला आणि बसून राहिलो थोडा वेळ. एकात काहीतरी अडकून सुटून गेलेलं असावं, वायरला केस होते, वनरक्षक म्हणाले भेकराचे असतील.

शेजाऱ्याची पण चौकशी चालू आहे. मला वाटलं होतं तो अंगावर येईल, पण तो आला आणि पडवीत बसला. बराच वेळ दोघंही गप्प. मग त्याने त्याचा वाल दाखवायला नेलं. मुरबाडकर, तुम्ही लिहिलंत तसंच होतं, अर्ध्याहून जास्त वावर उलटलेलं. गेली दोन वर्षं हे चाललंय आणि मला बांधापलीकडचं काहीच माहीत नव्हतं. मी तक्रार मागे घेणार नाही हे त्याला सांगितलं, तो म्हणाला माहितीये. झटका मशीनचं पण बोललो. दोन्ही बांधांना मिळून किती तार लागेल ते मोजायचं ठरलंय.

बिजलीचा पाय राहिला नाही. इथे लिहिल्यानंतर सातव्या दिवशी पंजा गार लागला, काऊताईंनी लिहिलं होतं म्हणून लगेच कळलं, त्याच रात्री नेलं, नाहीतर विष अंगभर गेलं असतं म्हणाले डॉक्टर. कोपराच्या वर काढला. आता तीन पायांवर घरभर फिरते, जेवण व्यवस्थित आहे, सोफ्यावर अजून चढता येत नाही तर खाली उभी राहून आपल्याकडे बघते.

काऊ_मुलुंड

वाचून रडू आलं. पण पुढचा पाय गेलेली कुत्री छान जगतात, आमच्या इथे एक आहे, आठ वर्षांची. फक्त वजन वाढू देऊ नका, उरलेल्या पुढच्या पायावर सगळा भार येतो. घरात फरशी गुळगुळीत असेल तर तिच्या जायच्या-यायच्या वाटेवर सतरंजी टाका.

येऊरची वाट

उरलेले फास सगळे निघालेत याची खात्री कशी केली?

शनिवारचा शेतकरी, बोरिवली

नाही झाली अजून. वनरक्षक म्हणाले रविवारी परत एकदा सगळे बांध पायी फिरू, तो शेजारी पण येतो म्हणालाय, कुठे कुठे लावले होते ते त्यालाच माहीत. काळूला घरी ठेवणार. पंधरा मीटरची दोरी घेतलीये दादरहून, ती आल्यापासून बिजली तिच्यावरच झोपते.